स्ट्रॉबेरी जॅमच्या बटर कुकीज घरच्या घरी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की साताऱ्यात स्ट्रॉबेरी उतरते. महाबळेश्वर, पाचगणी, भिलारचा माल पसरणी घाट उतरून वाईमार्गे येतो आणि बाजारात हातगाड्यांवर लालभडक डबे रचलेले दिसायला लागतात. पहिला आठवडा आपण नुसतीच खातो. मग मिल्कशेक होतो, मग क्रीम घालून होते. जानेवारी मध्यावर येईपर्यंत घरातली पोरंही 'आता नको' म्हणायला लागतात, आणि फ्रिजमध्ये अर्धा डबा मऊ पडायला लागलेला असतो. त्या अर्ध्या डब्याचा जॅम करायचा आणि त्या जॅमच्या कुकीज करायच्या. माझ्या घरी गेली कित्येक वर्षं जानेवारीत हे ठरलेलं आहे.

कुकी अगदी साधी. बटर, पिठीसाखर आणि मैदा यांची छोटी गोळी, मधे अंगठ्याने पाडलेला खळगा, खळग्यात जॅम. अंडं लागत नाही, बेकिंग पावडर लागत नाही, यीस्ट तर नाहीच. मूळची ही युरोपातली. स्वीडनमध्ये तिच्या नावाचा अर्थच 'रासबेरीची गुहा' असा होतो, कारण तिकडे त्या खळग्यात रासबेरीचा जॅम भरतात. आपल्याकडे दुकानातली जॅमची क्रीम बिस्किटं सगळ्यांनी खाल्लेली असतात, पण ही कुकी जिभेवर विरघळते ती नानखटाईच्या जातीची. आणि नानखटाई आपल्याला नवीन नाही. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, रवा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, नंबर लावायचा आणि पत्र्याचा डबा भरून गरम बिस्किटं घरी आणायची, हे माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी केलेलं आहे. त्या रांगेत उभं राहून ज्यांनी हात चालवले, त्यांना या कुकीतलं अर्धं आधीच येतं.

उरलेलं अर्धं म्हणजे पाण्याचा हिशेब. कुकी पसरली, जॅम उकळून ट्रेवर आला, कुकी वातड झाली, डब्यात दोन दिवसांत लिबलिबीत झाली: शोधत गेलात तर बहुतेक वेळा नको तिथे आलेलं पाणीच सापडेल. पहिल्या खेपेला मी हौसेने घरचं लोणी वापरलं होतं. सायीचं, विरजण लावून घुसळलेलं, सुंदर वासाचं. पण ताकाचा अंश नीट काढला नव्हता. वीस कुकीज ट्रेवर ठेवल्या आणि पंधरा मिनिटांनी एकच मोठी पोळी बाहेर आली. चव उत्तम होती, पण कुकी नव्हती. तेव्हापासून प्रत्येक पायरीला मी एकच बघते, इथे पाणी किती आहे.

सामान

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, आणि हे सगळं वजनाने. वाटीने मोजू नका. मैदा वाटीत दाबून भरला की हलक्या हाताने भरला, यात एका वाटीमागे वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि या कुकीत तेवढ्याने सगळं बदलतं. स्वयंपाकघरात ठेवायचा साधा वजनकाटा फार महाग येत नाही. बेकिंगसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर ती घ्या, साचे आणि नोझल नंतर.

साधारण वीस कुकीजसाठी:

बिनमिठाचं बटर १०० ग्रॅम
पिठीसाखर ५० ग्रॅम
मैदा १५० ग्रॅम, त्यातला १ टेबलस्पून काढून त्याजागी तेवढंच कॉर्नफ्लोअर
मीठ एक चिमूट
व्हॅनिला इसेन्स अर्धा टीस्पून, किंवा तेवढीच वेलचीपूड
जाडसर जॅम ४ ते ५ टेबलस्पून
लागलंच तर थंड दूध १ ते २ टीस्पून

पिवळं मिठाचं बटर घरात असेल तर तेही चालतं, वरचं मीठ मात्र घालू नका. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीत जवळजवळ तीन चमचे पाणी आधीच आहे. म्हणूनच या पिठात सुरुवातीला दूध घालायची गरज नसते.

घरचं लोणी वापरायचं असेल तर जरूर वापरा, त्याच्या वासाला तोड नाही. मात्र ते बर्फाच्या पाण्यात तीन-चार वेळा धुवा, पाणी अगदी नितळ निघेपर्यंत. मग ताटात घेऊन लाकडी चमच्याच्या पाठीने दाबत राहा. प्रत्येक दाबाला बारीक थेंब सुटताना दिसतील, ते ताट तिरकं करून ओतून टाका. थेंब यायचे थांबले की लोणी पातळ सुती कापडात गुंडाळून चाळणीवर ठेवा आणि तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा. एवढं करूनही त्यात बटरपेक्षा थोडं जास्त पाणी राहतंच, म्हणून मैदा १० ग्रॅम वाढवा.

तुपात पाणी नसतंच. १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम थिजलेलं तूप घेतलं तर कुकी होते, पण ती जास्त भुरभुरीत, नानखटाईकडे झुकणारी होते आणि खळगा पाडताना कडा फार तुटतात. पहिल्या खेपेला बटरच घ्या. मार्गारिन किंवा डालडा मात्र मी सुचवणार नाही. या कुकीत लपवायला काहीच नसतं, चव जी आहे ती लोण्याचीच.

साखर दाणेदार नको. दाणेदार साखर भट्टीत वितळून कुकी पसरवते. घरी मिक्सरमधून काढली तर चाळून घ्या.

जॅम आधी

जॅम आदल्या दिवशी करा. गरम जॅम खळग्यात भरला तर बटर वितळेल, आणि जॅम गार झाल्याशिवाय त्याचा खरा घट्टपणा कळतही नाही.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव डोक्यात ठेवून मोठीमोठी, एकसारखी फळं जॅमसाठी विकत घेऊ नका. ती खायची. जॅमला बारीक, पूर्ण पिकलेली, आतपर्यंत लाल झालेली फळं घ्या. ती स्वस्तही मिळतात, कारण मोठ्या मालातून वेगळी काढलेली असतात. फक्त मऊ पडलेली आणि बुरशी आलेली यात फरक करा. एका फळावर पांढरं लव दिसलं तर ते आणि त्याला चिकटलेली शेजारची फळं टाकून द्या.

धुताना देठासकट धुवा, देठ नंतर काढा. देठ काढून धुतलेली स्ट्रॉबेरी त्या भोकातून पाणी ओढून घेते आणि तेच पाणी मग तुम्हाला कढईत आटवत बसावं लागतं. धुऊन कापडावर पसरून कोरडी करा.

२५० ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरा, १५० ग्रॅम साखर आणि एक टेबलस्पून लिंबाचा रस घाला, अर्धा तास झाकून ठेवा. लिंबू चवीपुरतं नाही. जॅम घट्ट होतो तो फळातल्या पेक्टिनमुळे आणि स्ट्रॉबेरीत ते कमी असतं. लिंबाच्या आंबटपणामुळे असलेलं पेक्टिन नीट धरतं, शिवाय रंग लाल राहतो. लिंबू वगळलंत तर घट्ट करण्यासाठी फार वेळ उकळावं लागेल आणि जॅम तपकिरी होईल.

साखरेला पाणी सुटलं की जाड बुडाच्या, पसरट पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा. उंच पातेलं घेऊ नका, पसरट भांड्यात वाफ लवकर निघून जाते. आधी गुलाबी फेस येईल, तो मोठा आणि पातळ असेल. दहा-बारा मिनिटांनी बुडबुडे लहान आणि जड होतात, फुटताना टपटप आवाज येतो आणि रंग गडद होतो. आता सतत हलवा, कारण इथून पुढे बुडाला लागायला वेळ लागत नाही. शिंतोडे हातावर येतात, म्हणून लांब दांड्याचा चमचा घ्या.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? आपल्याला पाकाची सवय आहे, पण इथे तार बघून चालत नाही, फळाच्या गरामुळे तार फसवते. एक स्टीलची ताटली आधीच फ्रीजरमध्ये ठेवा. गॅस बंद करून अर्धा चमचा जॅम त्या गार ताटलीवर टाका, अर्धा मिनिट थांबा आणि बोटाने मधोमध रेघ ओढा. रेघ भरून आली तर अजून दोन-तीन मिनिटं आटवा. रेघ तशीच राहिली आणि कडेला बारीक सुरकुती पडली, तर पोळीला लावायचा जॅम तयार झाला. कुकीसाठी त्यापुढे आणखी दोन मिनिटं आटवा. चमच्यातून तो ओघळला नाही पाहिजे, ठपकन पडला पाहिजे.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते, कारण यात माझा एक अख्खा जॅम वाया गेला आहे. जॅम १०४-१०५ अंशाला होतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. सातारा सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशालाच उकळतं. महाबळेश्वर जवळजवळ १३५० मीटरवर, तिथे तर साडेपंचाण्णवच्या आसपास. उकळत्या पाण्याच्या वर साडेचार-पाच अंश, असा तो हिशेब आहे. म्हणजे साताऱ्यात १०२-१०३ ला थांबायचं आणि महाबळेश्वरात शंभरीलाच. इथे बसून १०५ गाठायला गेलात तर बरणीत जॅमऐवजी चिकट गोळा मिळेल, चमचा रुतून बसेल असा. तुमच्याकडे थर्मामीटर असेल तर आधी त्यात उकळतं पाणी मोजा, मग वर पाच अंश धरा. मी मात्र ताटलीवरच विश्वास ठेवते.

स्ट्रॉबेरीचा हंगाम नसेल तर विकतचा जॅम घ्या, काही बिघडत नाही. पाचगणीची फळप्रक्रिया केंद्रं साताऱ्यापासून लांब नाहीत आणि इथल्या किराणा दुकानात दोन-तीन प्रकार सहज मिळतात. बाटलीवर फळाचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचून जास्त फळाचा घ्या. मात्र बाटलीतून थेट भरू नका. चार टेबलस्पून जॅम छोट्या कढईत दोन-तीन मिनिटं आटवून गार करून घ्या. तुतीचा, पेरूचा, आंब्याचा जॅमही चालतो. मुरांबा वापरायचा असेल तर फोडी बारीक चिरून, पाक निथळून, पुन्हा आटवून. त्याचा पाक फार सैल असतो.

पीठ

बटर फ्रिजमधून काढून बाहेर ठेवा. किती वेळ, हे महिन्यावर ठरतं. जानेवारीत साताऱ्यात सकाळी एवढा गारठा असतो की दीड-दोन तास लागतात. एप्रिलमध्ये वीस मिनिटांत ते हातात घेण्यासारखं राहत नाही. घड्याळापेक्षा बोट लावून बघा. हलकं दाबल्यावर ठसा उमटला पाहिजे, पण बोट आत बुडता कामा नये आणि वडी चकाकता कामा नये. चकाकायला लागली म्हणजे वितळायला लागली. मग ती परत दहा मिनिटं फ्रिजमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये मऊ करू नका, मधे वितळतं आणि कडेला घट्ट राहतं.

परातीत किंवा पसरट भांड्यात बटर आणि पिठीसाखर घेऊन लाकडी चमच्याने फेसा. आपल्याकडे नानखटाईला तूप-साखर तळहाताने फेसतात तसंच, पण इथे तळहात नको, हाताच्या उबेने बटर सुटतं. तीन-चार मिनिटांत पिवळेपणा कमी होऊन रंग फिकट होईल. तिथेच थांबा. केकला जसं फुलवून फुलवून फेसतात तसं इथे करू नये. जास्त हवा भरली तर कुकी भट्टीत फुगून नंतर बसते आणि खळगा सपाट होतो.

आता इसेन्स घाला, आणि मैदा, कॉर्नफ्लोअर, मीठ एकत्र चाळून घाला. चमच्याने कालवा. सुरुवातीला भुरभुरीत शेवयांसारखं दिसेल आणि 'हे काही जमत नाही' असं वाटून हात दुधाकडे जाईल. थांबा. एक मूठभर घेऊन वळून बघा. करंजीच्या मोहनाची परीक्षा आठवा, मूठ वळली पाहिजे आणि मूठ उघडल्यावर तशीच राहिली पाहिजे. राहिली तर पीठ झालं, दूध लागत नाही. अजिबातच धरत नसेल तर थंड दूध एक टीस्पून, शिंपडून. पुन्हा मूठ वळून बघा, मगच दुसरा.

आणि मळू नका. पोळीची कणीक मळून मळून तयार झालेले आपले हात इथे आपोआप चालायला लागतात, पण मैद्याला ओल मिळाली आणि वर मळणं मिळालं की त्याला चिवटपणा येतो. पोळीला तो हवा असतो, कुकीला नाही. बाजूने गोळा करा, दाबा, एकत्र आणा, झालं.

वळणं आणि खळगा

सुमारे १५ ग्रॅमच्या गोळ्या करा. कंदी पेढ्याहून थोडी लहान, एवढा अंदाज साताऱ्यात पुरे. पहिल्या दोन-तीन वजन करून बघा, मग हाताला कळतं. सगळ्या सारख्या हव्यात, नाहीतर लहान करपतात आणि मोठ्या कच्च्या राहतात.

गोळी तळहातावर फिरवताना आधी घट्ट दाबून मग गोल करा. गोळीवर बारीकशी भेग राहिली तरी अंगठा दाबताना ती मोठी होते आणि भट्टीत त्याच भेगेतून जॅम बाहेर येतो. करंजीची कड नीट दाबली नाही की तळताना सारण बाहेर येऊन तूप खराब होतं, तसंच हे.

माझी भाची पहिल्यांदा शिकायला आली तेव्हा तिने भराभर वीस खळगे पाडले आणि ट्रे माझ्यापुढे धरला. सगळ्यांच्या कडा फुटलेल्या.

"मावशी, तुझ्या का नाही गं फुटत?"

"तू अंगठा एकदम खुपसतेस. एका हाताची बोटं गोळीच्या बाजूने धर आणि अंगठा हळूहळू दाबत, जरासा फिरवत ने."

तिने एक गोळी पुन्हा वळली. डाव्या हाताच्या तर्जनी आणि अंगठ्याचं कडं गोळीभोवती धरलं, उजवा अंगठा मधे ठेवला आणि श्वास रोखून दाबला. कड थोडी वर आली, गोल राहिली. मग तिने उरलेल्या एकोणीस गोळ्याही मोडून पुन्हा वळल्या आणि मी एकीलाही हात लावला नाही.

खळगा गोळीच्या दोन तृतीयांश खोल असावा. तळ अगदी पातळ झाला तर जॅम खालून गळतो. अंगठा मोठा असेल किंवा नखं वाढलेली असतील तर गोल मोजमापी चमच्याची पाठ वापरा. लहानशी भेग पडलीच तर ओल्या बोटाने नको, कोरड्या बोटाने चिमटीत धरून बुजवा.

आता ट्रे फ्रिजमध्ये ठेवा, तीस मिनिटं. घाई असेल तर फ्रीजरमध्ये दहा-बारा मिनिटं. नवीन करणारे हमखास वगळतात ती पायरी हीच. गार कुकी भट्टीत गेली की आतलं बटर वितळेपर्यंत बाहेरचा मैदा आकार धरून बसतो. मऊ कुकी गेली तर आकार धरायच्या आधीच ती पसरते. उन्हाळ्यात तर मी सामान काढतानाच फ्रिजमधली एक फळी रिकामी करून ठेवते.

भाजणं

कुकीज फ्रिजमध्ये असतानाच ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, १७० अंशावर, वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या चालू ठेवून, पंधरा मिनिटं तापवा. मायक्रोवेव्ह असेल तर त्यात गरम हवा खेळवणारा कन्व्हेक्शन मोडच हवा, साध्या मायक्रोवेव्हमध्ये ही कुकी होत नाही.

जॅम आता भरा, ट्रे ओव्हनमध्ये जायच्या अगदी आधी. चमच्याने ढवळून सैल करा आणि प्रत्येक खळग्यात अर्धा टीस्पून, कडेच्या थोडं खालपर्यंतच. भरून वर शीग आणायचा मोह होतो, तो आवरा. जॅम तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुगतो, त्याला जागा लागते. कुकी बाहेर आल्यावर खळगा अर्धा रिकामा वाटला तर गरम असतानाच वरून थोडा घाला, तो छान चकचकीत बसतो.

घरगुती ओटीजीचा काटा आणि आतली खरी उष्णता यांत बरंच अंतर असू शकतं. म्हणून सगळा ट्रे घालण्याआधी एकच कुकी भाजून बघा. पंधरा मिनिटं जातात, पण उरलेल्या एकोणीस वाचतात. ती पसरली तर पिठात चमचाभर मैदा मिसळा किंवा अजून गार करा. तडे गेले तर पीठ कोरडं आहे. वरून लाल होऊन आत कच्ची राहिली तर उष्णता दहा अंश कमी करा.

ट्रेवर बटर पेपर घाला, तूप लावू नका. कुकीत दोन बोटांचं अंतर. मधल्या फळीवर १३ ते १५ मिनिटं, दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा, कारण बहुतेक ओव्हनची मागची बाजू जास्त तापते. नजर कुकीच्या वरच्या भागावर ठेवू नका, तो पांढुरकाच राहतो. काचेतून खालची कड बघा. तिथे एक बारीक सोनेरी रेघ उमटली की काढायचं. घरात दरवळ सुटतो तो त्याच्या मिनिटभर आधी.

बाहेर काढल्यावर कुकी मऊ लागेल. कच्ची राहिली असं वाटून परत आत ढकलू नका, पहिल्यांदा करणाऱ्यांच्या सगळ्यात जास्त कुकीज इथेच करपतात. गरम बटर पातळ असतं, गार होताना ते थिजतं आणि कुकी धरते. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग उलथन्याने जाळीवर. आणि पोरांना लगेच देऊ नका. कुकी कोमट झाली तरी मधला जॅम कितीतरी जास्त गरम असतो आणि तो जिभेला चिकटतो. अर्धा तास तरी थांबायला लावा.

भाजताना मधेच लाइट गेली तर दार उघडू नका. तापलेल्या ओव्हनमध्ये पुरेशी धग असते, पाच-सहा मिनिटं जास्त ठेवल्यावर बहुतेक कुकीज होतात.

ओव्हन नसेल तर कढई. जाड ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी घ्या, नॉनस्टिक कोरडी तापवणं धोक्याचं आहे. तळाशी बोटभर मीठ पसरा, त्यावर कुकरची जाळी, वर घट्ट झाकण, मध्यम आचेवर बारा मिनिटं. मग पसरट ताटलीत सात-आठ कुकीज ठेवून ती जाळीवर ठेवा, आच मंद करा, वीस ते पंचवीस मिनिटं. कडेच्या भिंतीला ताटली टेकू देऊ नका. झाकणाच्या आतून वाफेचे थेंब कुकीवर पडतात, म्हणून झाकणाला सुती कापड बांधून त्याची टोकं वर गाठ मारून घ्या, गॅसपर्यंत लोंबू देऊ नका. कढईतल्या कुकीला वरून रंग येत नाही, खालून बघा. ते मीठ गार करून बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतं, फक्त स्वयंपाकात वापरू नका. प्रेशर कुकर कोरडा तापवून करतात, पण मी तो यासाठी वापरत नाही, भांडं खराब होतं.

डबा

पूर्ण गार झाल्याशिवाय, म्हणजे किमान तासभर, डब्यात भरू नका. उबदार कुकीची वाफ डब्यातच राहते आणि सकाळी सगळ्या नरम. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात एक थर, वर बटर पेपर, मग दुसरा थर. दोन दिवस त्या खुसखुशीत राहतात. तिसऱ्या दिवसापासून जॅमच्या भोवतीचा भाग मऊ व्हायला लागतो, कारण जॅममधली ओल हळूहळू कुकीत उतरते. काहींना ती मऊ कुकीच जास्त आवडते, माझ्या सासूबाई तर तिसऱ्या दिवसाचीच वाट बघायच्या. थंडीत पाच-सहा दिवस टिकतात.

पावसाळ्यात हा हिशेब चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या हवेत एवढा दमटपणा असतो की पापडसुद्धा डब्यात नरम पडतात. तेव्हा कुकीज जॅमशिवाय भाजा. खळगा भट्टीत थोडा वर येतो, म्हणून बाहेर काढल्या काढल्या चमच्याच्या पाठीने पुन्हा दाबा. या रिकाम्या कुकीज डब्यात दहा दिवस छान राहतात. खायच्या वेळी जॅम कोमट करून भरायचा. पुण्या-मुंबईला मुलांकडे पाठवायच्या असतील तरी हीच पद्धत, कुकीज वेगळ्या आणि जॅमची छोटी बाटली वेगळी.

एकदम वीस कुकीज नको असतील तर कच्च्या गोळ्या गोठवता येतात. ताटात सुट्या ठेवून घट्ट होऊ द्या, मग पिशवीत भरा, महिनाभर राहतात. भाजताना वितळवायच्या नाहीत, तशाच ट्रेवर ठेवून जॅम भरायचा आणि दोन मिनिटं जास्त द्यायची. फक्त खळगा गोठवण्याआधीच पाडून ठेवा. गोठलेल्या गोळीत अंगठा जात नाही.